सातवं चित्र

नोकरीच्या कागदांवर माझं पद 'तांत्रिक सहायक' असं होतं. पण चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या ज्या गावात आमची जीप थांबे, तिथे माझं नाव 'टीव्हीवाल्या बाई'. जीपमधून आधी टीव्ही उतरे, मग जनरेटर, मग मी. तोवर निम्मं गाव गोळा झालेलं असे. "पिक्चर कोनता हाय बाई?" पिक्चर नाही म्हटलं की अर्धे लोक जात. हे डोकं तपासायचं यंत्र आहे म्हटलं की उरलेल्यांतलेही बरेच जात. जे थांबत ते एकतर फार धीट असत, नाहीतर त्यांना घरच्यांनी दंडाला धरून आणलेलं असे.

ऐंशीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. कॉम्प्युटर हा शब्द आमच्याकडे लोकांच्या कानावरून गेला होता, वस्तू फार थोड्यांनी पाहिली होती. नागपूरचे एक डॉक्टर परदेशात मेंदूचे आजार शिकून आले होते. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणत असू. त्यांनी एक प्रकल्प मिळवला होता. माणसाची आठवण आणि विचारशक्ती उणावायला लागली की घरच्यांच्या लक्षात येण्याआधी ते यंत्रानं ओळखायचं. शहरातल्या दवाखान्यात बसून हे कुणीही करील, आपण खेड्यात आणि खाणीत करू, असा सरांचा हट्ट होता. मी चंद्रपूरचीच, वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर अभ्यास करून मानसशास्त्रात एम. ए. झालेली आणि नोकरीसाठी वणवण करून दमलेली. मुलाखतीत सरांनी एकच प्रश्न विचारला, "जंगलात भीती वाटते का?" मी नाही म्हटलं आणि कामाला लागले.

आमचा कॉम्प्युटर म्हणजे एखादा जाडजूड टाइपरायटर वाटावा असा डबा, वायरीनं टीव्हीला जोडलेला. पडद्यावर एकच रंग, हिरवा. चाचण्या तीन. पहिलीत पडद्यावर गोल दिसला की बटण दाबायचं. किती वेळ लागला ते यंत्र सेकंदाचा शंभरावा भाग धरून मोजे. दुसरीत काही चौकोन एकामागून एक उजळत, त्याच क्रमानं त्यांवर बोट ठेवायचं. तिसरी चाचणी चित्रांची, आणि खरी परीक्षा तीच. येणाऱ्यांपैकी पुष्कळांना वाचता येत नसे, म्हणून शब्दांऐवजी चित्रं होती. तांब्या, बैल, विळा, कंदील अशी दहा चित्रं एकेक करून येत. बघणाऱ्यानं नाव मोठ्यानं सांगायचं. मग वीस मिनिटं त्याच्याकडून दुसरी कामं करून घ्यायची आणि एकदम विचारायचं, मघाशी काय काय पाहिलंत? धडधाकट माणूस सहा-सात तरी सांगतो. ज्याची आठवण झिजायला लागली आहे तो दोन-तीनवर अडतो. त्याच्याही पुढं गेलेला माणूस उलट मलाच विचारतो, "कोनती चित्रं?"

गमतीही पुष्कळ होत. तेंदूपत्ता मोजून घेणाऱ्या एका मुनशीनं बटणावर अशी मूठ हाणली की ते बटण पुढं कायमचं वाकडं राहिलं. एका सरपंचांनी स्वतःची चाचणी द्यायचं नाकारलं, मात्र ग्रामसेवकाची तीनदा करून घ्या म्हणून माझ्यामागं लागले. आमचे ड्रायव्हर रशीदभाई हे बल्लारपूरचे. जीप, जनरेटर आणि माझी भाकरी या तिन्हींची काळजी त्यांच्याकडे. यंत्र तापलं की ते चिंब ओला टॉवेल खिडकीला टांगत आणि मला म्हणत, "मॅडम, इसको बुखार है, जरा सोने दो." फ्लॉप्या त्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. तरी पहिल्याच पावसाळ्यात चित्रांच्या दुसऱ्या संचाची फ्लॉपी दमटपणानं गेली, आणि दहा चित्रांचा एकच संच आमच्या हाती उरला. ही गोष्ट क्षुल्लक नव्हती, पण तेव्हा मला ती तशी वाटली.

या कामात मी दोन मोठ्या चुका केल्या. पहिलीमुळे दुसरी झाली, म्हणून दोन्ही सांगायला हव्यात.

पहिली कुरखेड्याकडची. तिथल्या एका गावात फुलाबाई नावाची सुईण होती. साठीच्या पुढची, अंगानं काटक. आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनीच तिला आणलं. म्हणाल्या, "हिले जरा पाहून घ्या मॅडम, अलीकडे चाचपडून राह्यली." फुलाबाई पडद्यासमोर ताठ बसली. बटण दाबायला तिला भलताच वेळ लागला. चित्रांची नावं ती अंदाजानं सांगत होती, आणि वीस मिनिटांनी तिला एकच चित्र आठवलं. मी फॉर्मवर लिहिलं, 'स्मृती क्षीण, पुढील तपासणी आवश्यक.' नर्सबाईंनी पुढील तपासणीची वाट बघितली नाही. त्यांनी बाळंतपणाची पेटी तिच्याकडून काढून घेतली आणि दुसरीला दिली.

तीन महिन्यांनी पुढील तपासणीसाठी मी पुन्हा गेले. फुलाबाई अंगणात सुपानं धान पाखडत होती. माझ्या आवाजावरून तिनं मला ओळखलं. बोलता बोलता मी तिला बाळंतपणांबद्दल विचारलं, तर ती सुरूच झाली. रोवणं चाललं होतं तेव्हा कुणाची पोरगी झाली, धान लोंबीवर आला तेव्हा कुणाचा पोरगा, कोणाचं मूल पायाळू होतं, कुणाची वार अडली होती. चाळीसेक घरं तिनं ओळीनं सांगितली. सून शेजारी बसून मान डोलावत होती, एकदाही तिला दुरुस्त करावं लागलं नाही.

मी म्हणाले, "मंग त्या दिवशी चित्रं काऊन नाई सांगतली बाई?"

"काय सांगू? तू दाखवत होतीस, मले दिसतच नोतं. दोन्ही डोऱ्यावर पडदा आला हाय. पोर काढाले डोरे नाई लागत, हात लागते."

"मंग मले तसं बोलली काऊन नाईस?"

"तू एवढी शिकलेली," ती म्हणाली. "मले वाटलं तुले माहीत असन."

डोळे तपासल्याशिवाय पडद्यासमोर कुणाला बसवायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला एम. ए. होऊन कळलं नाही. मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं, केंद्रात जाऊन भांडले, पण पेटी गेली ती गेली. गावातही बोलावणारे आधीच कमी झाले होते. टीव्हीवाल्या बाईनं डोकं गेलं म्हणून सांगितलेल्या सुईणीच्या हाती आपली लेक कोण देईल? पुढच्या फेरीला मी गेले तेव्हा फुलाबाई हयात नव्हती. "पेटी गेल्यापासून उठनंच सोडलं होतं त्याईनं," सून म्हणाली. ती हे रागानं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी ठरवून टाकलं की यंत्राच्या भरवशावर पुन्हा कुणाच्या हातातलं काम काढून घ्यायचं नाही.

त्यानंतर आमचा मुक्काम राजुऱ्याकडच्या एका कोळसा खाणीवर पडला. खाणीचं नाव लिहीत नाही. जमिनीखालची खाण होती. तिरपा बोगदा खाली उतरत जाई आणि माणसं त्यातून चालत कामावर जात. खाणीच्या दवाखान्यातली एक खोली आम्हाला मिळाली. आम्ही आल्याबरोबर कॉलनीत बातमी फुटली की हे छाटणीचं मशीन आहे, यात जो नापास होईल तो घरी बसेल. मी युनियनच्या लोकांना समजावलं की निकाल गुप्त असतो. मात्र ते पूर्ण खरं नव्हतं, आणि अपवादही मला सांगावा लागला. ज्याच्या आठवणीवर दुसऱ्यांचे जीव अवलंबून आहेत अशा माणसाचा निकाल खाणीच्या डॉक्टरांना द्यायचा होता. असे लोक मुख्यतः दोन प्रकारचे, कोळशाच्या गाड्या ओढणारं दोरखंडाचं इंजिन चालवणारे आणि शॉटफायरर.

शॉटफायररचं काम बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. कोळशाच्या भिंतीत ड्रिलर भोकं पाडतो. शॉटफायरर त्या भोकांत दारू भरतो, सगळ्यांना वळणाआड पाठवतो आणि बार उडवतो. बार उडवायच्या यंत्राचं हँडल त्याच्याखेरीज कुणाच्या हाती द्यायचं नाही, असा कायदा. त्याचं खरं काम मात्र मोजण्याचं असतं. किती भोकं भरली आणि किती बार वाजले. एखादा वाजला नाही तर दारू भिंतीत तशीच राहते. ती जागा लाकडं आडवी लावून बंद करायची, वहीत लिहायचं, पुढच्या माणसाला तोंडानं सांगायचं. हे राहिलं आणि त्या भोकात उद्या कुणी ड्रिल घातलं, तर काय होतं ते खाणीतल्या पोराटोरांनाही माहीत असतं.

शामराव त्या खाणीतला सगळ्यांत जुना शॉटफायरर. निवृत्तीला दीड-दोन वर्षं राहिलेली, अबोल, स्वच्छ कपड्यांचा माणूस. हँडल करदोड्याला बांधून ठेवायची सवय घरीही सुटली नव्हती. चाचणीला आला तो पायातले बूट दाराबाहेर काढून. या वेळी मी आधी डोळे तपासले. नजर चांगली होती. बटणाची चाचणी त्यानं तरण्या माणसांसारखी दिली. चित्रं आली तेव्हा एकेकाचं नाव मोठ्यानं, बरोबर सांगितलं. वीस मिनिटांनी मी विचारलं, तर त्यानं "तांब्या" म्हटलं, "बैल" म्हटलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"अजून?"

"अजून काय?"

"मघाशी चित्रं पाह्यली ना भाऊ?"

तो हसला, वडीलधारी माणसं लहानांच्या चुकीवर हसतात तसा. "कोनती चित्रं, बाई?"

आमचा नियम असा की कमी गुण पडले तर पंधरा दिवसांनी पुन्हा चाचणी घ्यायची आणि मगच निकाल द्यायचा. मी शामरावला तारीख दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको इंदूबाई दवाखान्यात आली. हातात भाजीची पिशवी होती, भाजी मात्र नव्हती. ती बाकावर माझ्याशेजारी बसली.

"बाई, त्याईले घरी बसवू नका. घरी बसले तर महिनाभरात संपून जाईन तो मानूस."

"विसरतात का हो घरी?"

"थकते, म्हनून विसरते. एखांद्या दिवशी दोनदा जेवते, एवढंच." आणि मग आपण काय बोलून गेलो ते लक्षात येऊन तिनं पदर तोंडावर घेतला.

मी तिला काहीही वचन दिलं नाही. पण फुलाबाईची सून मला आठवली, हे खोटं कशाला बोलू?

त्या पंधरवड्यात रशीदभाई मला एकदा म्हणाले, "मॅडम, बाहर सबको पेपर मालूम है." चाचणी देऊन आलेला माणूस बाकावरच्यांना चित्रं सांगे, बाकावरचे कॉलनीत सांगत. दुसरा संच असता तर प्रश्नच नव्हता. मी सरांना कळवलं. तिकडून नवी फ्लॉपी यायची होतीच, कारण सातवं चित्र आधीपासून त्रास देत होतं. ती छत्री होती, पण हिरव्या पडद्यावर तिला सगळे सात्या म्हणत, पावसाळ्यात रानात उगवतात आणि आम्ही भाजी करून खातो त्या अळंब्या. सरांनी घाईघाईत छत्री काढून तिच्या जागी कुलूप घातलं, बाकीची नऊ चित्रं तशीच ठेवली आणि फ्लॉपी पाठवून दिली. नवा संच पुढच्या महिन्यात करू, असं सोबतच्या चिठ्ठीत होतं.

शामराव दिलेल्या दिवशी, दिलेल्या वेळी आला. बूट दाराबाहेर काढले. चित्रं सुरू झाली. सातवं आलं तेव्हा त्यानं "कुलूप" म्हटलं, मोठ्यानं आणि बरोबर. वीस मिनिटं झाली. मी विचारलं. शामरावनं डोळे मिटले आणि मान जराशी हलवत, प्रत्येक नावानंतर तेवढंच थांबत सांगायला लागला. तांब्या. बैल. विळा. कंदील. पाटी. कोंबडा. छत्री. खाट. मासा. घंटा.

दहाची दहा, ओळीनं. कुणीही ओळीनं सांगत नाही. आणि छत्री त्या दिवशी पडद्यावर आलीच नव्हती.

मला त्याच क्षणी कळलं. वीस मिनिटांपूर्वी डोळ्यांनी पाहिलेलं कुलूप त्याच्या डोक्यात उरलं नव्हतं. जे होतं ते कुणीतरी पंधरा दिवस घासूनपुसून बसवलेलं होतं. मला कळलं नाही असं म्हणता आलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती. शामराव डोळे उघडून माझ्याकडे बघत होता, शाळेतलं मूल बाईंच्या तोंडाकडे बघतं तसा. "बरोबर हाय ना बाई?"

"बरोबर हाय भाऊ," मी म्हणाले.

फॉर्मवर मी लिहिलं, 'दहापैकी नऊ. सामान्य.' एक गुण कापला, आणि तेवढ्यानं आपण प्रामाणिक राहिलो असं स्वतःला समजावलं. जो माणूस इतकं पाठ करू शकतो त्याचं डोकं काही अगदी गेलेलं नाही, असंही मी मनाशी म्हटलं. सुशिक्षित माणसाला अशी कारणं चटकन सापडतात. यंत्राला दयामाया नसते म्हणूनच ते आणलेलं होतं, आणि ज्या जागी ती नको होती नेमकी तिथे मी ती घातली.

आमचं काम संपत आलं होतं. एका सकाळी मी कोळसा भरणाऱ्या एका लोडरची चाचणी घेत होते आणि भोंगा वाजला. पाळीचा भोंगा नव्हता. समोरचा लोडर खुर्चीवरून उठला आणि पळत सुटला. थोड्या वेळानं स्ट्रेचर आलं ते आमच्याच खोलीसमोरून, कारण दवाखान्याचं दार पलीकडे होतं. वर घोंगडी टाकलेली होती. घोंगडीखाली माणूस जेवढा लांब असायला हवा तेवढा नव्हता.

गेला तो तुळशीराम, शामरावच्या पाळीतला ड्रिलर. दोघं बावीस वर्षं एकाच पाळीला, शेजारच्या क्वार्टरांत राहणारे. हे मला त्या दिवशी कळलं. आदल्या दिवशी पाळीच्या शेवटी शामरावनं बारा भोकं भरली होती. एक वाजलं नव्हतं. लाकडं लावली नव्हती, वहीत काही नव्हतं. छताला लाकडाचे टेकू द्यायचे होते म्हणून मधल्या दोन पाळ्या त्या भिंतीशी कुणी गेलंच नाही. सकाळी तुळशीराम ड्रिल घेऊन उभा राहिला तेव्हा त्यानं विचारलं होतं. त्या स्फोटात हात भाजलेल्या दुसऱ्या एका लोडरनं हे चौकशीत सांगितलं. तुळशीराम म्हणाला, "काल सगळे वाजले ना गा?" आणि शामराव म्हणाला, "सगळे वाजले."

स्ट्रेचरच्या मागून शामराव चालत आला होता. तोंड कोळशानं काळं, कानातून रक्ताचा ओघळ. तो आमच्या दारात थांबला आणि मला विचारलं, "कोनाले लागलं बाई?"

चौकशी बसली. खाणीच्या लोकांनी माझा फॉर्म पुढं केला. माणसाची आठवण पंधरा-वीस दिवसांपूर्वी यंत्रानं तपासलेली आहे, सामान्य आहे, म्हणजे हा निव्वळ निष्काळजीपणा, असं त्यांचं म्हणणं. माझ्या एका शब्दानं आधी त्याला खाणीत उतरवलं, आणि आता तोच शब्द त्याला गुन्हेगार ठरवत होता. मी सरांना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. सरांनी फॉर्म उचलून पुन्हा वाचला. "तुला त्याच वेळी कळलं होतं?" मी हो म्हटलं. "मग लिहिलं का नाहीस?" फुलाबाईचं नाव तोंडावर आलं होतं, पण मेलेल्या बाईच्या पदराआड लपायची लाज वाटली.

सरांनी शामरावची स्वतः तपासणी केली, आजार असल्याचं लेखी दिलं आणि माझा फॉर्म चुकीचा असल्याचंही दिलं. शामराव बडतर्फ व्हायचा वाचला, आजारी म्हणून घरी बसला. मला सरांनी काढलं नाही. काढायला हवं होतं, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

कागद दुरुस्त झाले. पण ज्या बाईला हे सांगायला हवं होतं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला सामान आवरायला आठवडाभर होता. एका सकाळी मी तुळशीरामच्या क्वार्टरवर गेले. पहिल्या पाळीची वेळ होत आली होती, माणसं डबे घेऊन निघाली होती. तुळशीरामची बायको वच्छलाबाई ओट्यावर बसली होती. मला ओळखून तिनं गोणपाटाचा बोरा अंथरला.

मी काही बोलायच्या आत तीच बोलायला लागली. "तुमची ती चित्रं आमच्या ह्याईनंच शिकवली त्याईले. शामरावभाऊ रडले होते त्या दिवशी घरी येऊन. मंग हे म्हनत, मी शिकवतो." कॉलनीपासून खाणीच्या तोंडापर्यंत विजेचे दहा खांब होते. तुळशीराम रोज जाता-येता शामरावला प्रत्येक खांबाला हात लावायला लावी आणि एक चित्र म्हणायला लावी. पहिल्या खांबाला तांब्या, दुसऱ्याला बैल. चुकला की पुन्हा पहिल्या खांबापासून. "पाऊस असो का ऊन असो. पोट्टे हासत त्या दोघाले. हे म्हनत, हासू द्या, बावीस वर्षं त्यानं मोजलं म्हनून मी जित्ता हाय."

म्हणजे चाचणीच्या खोलीत डोळे मिटून, मान हलवत, शामराव त्या खांबांजवळून चालत चालला होता. हे मला तिथे, त्या ओट्यावर समजलं.

तेवढ्यात तोच आला. धुतलेला शर्ट, पायात खाणीचे बूट, हातात रिकामा डबा. अंगणाच्या कडेला उभा राहून त्यानं हाक मारली, "तुळशा! चाल गा, टाईम झाला."

वच्छलाबाई उठली नाही. "आज सुट्टी हाय त्याईची, भाऊ," ती म्हणाली.

"मले काऊन नाई सांगतलं त्यानं?" शामराव कुरकुरला आणि वळून निघून गेला. पलीकडच्या दारात इंदूबाई उभी होती, ती त्याचा हात धरून आत घेऊन गेली.

"रोज येते," वच्छलाबाई म्हणाली. "रोज सांगा लागते."

मग मी सांगितलं. छत्री सांगितली, कुलूप सांगितलं, मला कळलं होतं ते सांगितलं, आणि तरीही मी काय लिहिलं तेही सांगितलं. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "म्हनजे तुमाले माहीत होतं."

"हो."

ती अंगणात वाळत घातलेल्या तुळशीरामच्या टॉवेलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग उद्यापासून शामरावभाऊले जवाब तुमी द्या. माह्यानं आता होत नाई."

दुसऱ्या दिवशी पाळीच्या आधी मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले. शामराव आला, हाक मारली. मी त्याला खाली बसवलं आणि खरं सांगितलं. एकदा कुणीतरी त्याला नीट सांगायला हवं, असं माझं शिक्षण मला सांगत होतं. तुळशीराम गेला, भाऊ. बार राहिला होता. शामरावनं ते ऐकलं, समजलं, आणि ओट्याच्या कडेवर कपाळ आपटायला लागला. असा आक्रोश मी त्याआधी ऐकला नव्हता. वच्छलाबाई घरातून धावत आली आणि त्याला धरून तीही रडायला लागली, जणू स्ट्रेचर आत्ताच दारात आलं आहे. कॉलनीतली माणसं डबे खाली ठेवून उभी राहिली. त्याला शांत व्हायला दुपार झाली. इंदूबाईनं माझ्याकडे वर मान करून बघितलंसुद्धा नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ओट्यावर होते. शामराव आला. कपाळावर खोक होती, आणि ती कशानं झाली ते त्याला माहीत नव्हतं. धुतलेला शर्ट, बूट, डबा. अंगणाच्या कडेला थांबून त्यानं हाक मारली, "तुळशा! चाल गा, टाईम झाला."

दाराआड वच्छलाबाईची सावली हलली आणि थांबली.

"आज सुट्टी हाय त्याईची, भाऊ," मी म्हणाले.